मेलेल्यांचा बाप्तिस्मा

ब्रदर जयराम मूळचा देवळ्याचा. बाप कांद्याच्या खळ्यावर हमाली करायचा, घरात अहिराणी. पण स्टेजवर चढला की हा गडी अशी मराठी बोलायचा, जणू शेजारी कुणी गोरा साहेब उभा आहे आणि हा त्याचं भाषांतर करतोय. "माझ्या प्रिय मित्रांनो, या रात्री तुम्ही ते पाहू शकता काय? मी ते पाहू शकतो!" असं तो ओरडायचा तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असायचे आणि मंडपाबाहेर चांगलं ऊन असायचं. कारण साधं होतं. दोन-तीन वर्षं तो एका अमेरिकन प्रचारकाचा दुभाष्या होता. साहेब आपल्या देशी गेला, भाषांतर मात्र याच्या जिभेला चिकटून राहिलं.

बायडाबाईनं त्याचं पहिलं भाषण ऐकलं आणि घरी येऊन भाकरी थापता थापता मुलाला सांगितलं, "सावळीराम, हा माणूस रिकामं पिंप आहे. वाजतोय छान."

ती हे उगाच म्हणत नव्हती. बायडाबाई तीस वर्षं मिशनची बायबलबाई होती. पांढरं लुगडं नेसून, पिशवीत शास्त्र घालून दिंडोरीच्या बाजूची गावं तिनं पायी तुडवली होती. विहिरीवर, जात्यापाशी, कापणीच्या बांधावर बायकांच्या घोळक्यात बसून येशूच्या गोष्टी सांगितल्या होत्या. या तीस वर्षांत नाना तऱ्हेचे उपदेशक तिनं पाहिले. जगाचा अंत शुक्रवारी आहे म्हणून बैल विकणारा पाहिला, आणि शनिवारी तेच बैल परत मागायला गेलेलाही पाहिला. त्यामुळे खोटा उपदेशक ओळखायची तिची रीत अगदी घरगुती होती. जो आधी माणसाच्या मनात भीती घालतो आणि मग त्या भीतीवरचं औषध आपल्याच पिशवीतून काढतो, तो खोटा. मग तो कोट घालो, सफेद झगा घालो, नाहीतर उघडा बसो.

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. नाताळ होऊन महिना झाला होता आणि नाशकात थंडी हाडात शिरत होती. ब्रदर जयरामनं आधी आजारी लोकांसाठी सभा घेतल्या. त्यात दोन बायकांची डोकेदुखी आणि एका म्हाताऱ्याची उचकी बरी झाली. मग तारणाच्या सभा. "ज्यांना तारण हवं त्यांनी हात वर करा," असं तो म्हणायचा, की त्याचा माणूस कॅमेरा घेऊन पुढं यायचा. हे फोटो अमेरिकेला जायचे. वर केलेले हात जितके जास्त, तितकं तिकडं नाव मोठं. पण नाशकातले ख्रिस्ती ते किती? आणि त्यातले बहुतेक तीन पिढ्यांचे. तेच हात रोज वर. धोंडीराम वॉर्डबॉय तर पाच सभांत पाच वेळा तारला गेला होता. मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झाल्यापासून त्याला दुसरा उद्योग नव्हता.

जिवंत माणसं अशी संपत आली, तेव्हा ब्रदर जयरामनं मेलेल्यांकडं मोर्चा वळवला. मेलेल्यांना तोटा नाही.

त्या संध्याकाळी त्यानं पौलाच्या पत्रातली एक अवघड ओळ काढली. मेलेल्यांच्या वतीनं बाप्तिस्मा घेणाऱ्या कुणा लोकांचा तिथं ओझरता उल्लेख आहे. भल्याभल्या पंडितांनी त्या ओळीपुढं हात टेकले आहेत. जयरामला ती लगेच कळली. तो म्हणाला, "माझ्या प्रिय मित्रांनो, तुमचे मेलेले अंधारात उभे आहेत. बाप्तिस्मा न घेता गेलेले तुमचे बापजादे, तुमची लेकरं. ते तुमच्याकडं हात पसरत आहेत. तुम्ही ते ऐकू शकता काय? तुम्ही पाण्यात जा. त्यांच्या नावानं बुडी घ्या. ते मोकळे होतील!"

मंडपात रडारड झाली. बायडाबाईला मात्र संतापानं हसू फुटलं. शेजारच्या बाईला ती म्हणाली, "तीन पिढ्यांपूर्वी आपले लोक गंगेवरची पिंडं सोडून इथं आले. सगेसोयरे तुटले, मार खाल्ला, वाळीत पडले. आणि हा टाय लावलेला भट आपल्याला पुन्हा गंगेवरच घेऊन चाललाय. गंगेवरचा खरा भट निदान आपण कोण ते लपवत तरी नाही." नाशकात गोदावरीला सगळेच गंगा म्हणतात, ख्रिस्ती माणूससुद्धा.

शेजारची बाई हसली नाही. ती डोळे पुसत होती. आणि तिच्या पलीकडं बायडाबाईची सून बसली होती. लता रडत नव्हती. ती स्टेजकडं एकटक बघत होती, आणि तिचा हात पोटावर होता. सातवा महिना चालू होता तिला.

बायडाबाईचं हसू तिथंच जिरलं.

दोन वर्षांपूर्वी लताला मुलगी झाली होती. बाळ नाजूक होतं. रविवारी बाप्तिस्मा द्यायचा ठरलं. यांच्यात नाव बाप्तिस्म्यालाच जाहीर होतं, तोवर घरात नुसतं ‘बाळ’ म्हणायचं. नाव बायडाबाईनं निवडून पाळकसाहेबांना कळवलं होतं, रिबका. पण पाळकसाहेब रेव्हरंड पुंजाराम त्या आठवड्यात पिंपळगावच्या मंडळीकडं गेले होते, आणि रविवार उजाडायच्या आत, नवव्या दिवशी बाळ गेलं. पाळकसाहेब आले तेव्हा त्यांनी उपासनेचं जुनं पुस्तक उघडून दाखवलं. बाप्तिस्मा न झालेल्याच्या दफनाला प्रार्थना वाचता येत नाही. नियम आहे. सावळीरामनं आणि कबरस्तानाच्या माणसानं भिंतीकडच्या कोपऱ्यात खड्डा केला आणि कपड्यात गुंडाळलेलं लेकरू मुक्यानं पुरलं. लता बाळंतिणीच्या खाटेवर होती. तिला कुणी नेलं नाही. त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. विषय काढला नाही की दुःख आपोआप जिरतं, असा बायडाबाईचा अनुभव होता, निदान तसा तिचा समज तरी होता.

सभेच्या दुसऱ्या दिवशी लता ब्रदर जयरामला भेटायला एकटीच गेली. परत आली आणि जेवायला बसेना, तेव्हा बायडाबाईनं विचारलं, "काय झालं?"

"उपास आहे. तीन दिवसांचा."

"कसला उपास? पोटात लेकरू आहे ना तुझ्या?"

"ब्रदरांनी सांगितलंय. नाव घेतल्याशिवाय बुडी लागू होत नाही. तिचं नाव ठेवलं नव्हतं. तीन दिवस उपास केला तर ब्रदरांना प्रार्थनेत तिचं नाव प्रकट होईल. मग रविवारी गंगेवर."

"आणि नाही केला तर?"

लतानं खाली बघत सांगितलं, "तर पोटातल्याचंही बरं होणार नाही म्हणाले. पहिलीचं देणं आधी फिटायला हवं."

बायडाबाईनं हातातलं उलथणं तव्यावर आपटलं. असला नीच माणूस तिनं तीस वर्षांत पाहिला नव्हता. बैल विकणारा परवडला. त्यानं निदान स्वतःचे बैल विकले होते. हा दुसऱ्याच्या पोटातलं लेकरू तारण ठेवत होता.

मग तिनं तोंड सोडलं. जयरामच्या सात पिढ्या काढल्या. त्याचा कोट काढला, त्याचं भाषांतर काढलं, त्याच्या कॅमेऱ्याचा उद्धार केला. शास्त्रातल्या ओळीमागून ओळी सांगितल्या. येशूनं लेकरांना जवळ घेतलं तेव्हा त्यांच्या आयांना बाप्तिस्म्याचा दाखला मागितला होता का? वधस्तंभावरच्या चोराला पाण्यात कुणी बुडवलं होतं? शेवटी म्हणाली, "आणि तू एवढी शिकलेली, मॅट्रिकपर्यंत गेलेली! उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तो बोलतो आणि तू खुळ्यासारखी ऐकतेस!"

लतानं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मग आत्याबाई, माझं लेकरू कुठंय? तुम्ही सांगा."

तीस वर्षं बायडाबाईला बायकांनी विचारलं नाही असं काही उरलं नव्हतं. देवाला बायको का नाही, इथपासून पाऊस का पडत नाही, इथपर्यंत. ती कधी अडली नव्हती. पण आता तिच्या तोंडून जे निघालं ते असं, "ते देवाला ठाऊक."

"ब्रदर सांगतात तरी," लता म्हणाली. "तुम्ही सगळे देवावर ढकलता."

दुपारी बायडाबाई चपला घालून पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेली. रेव्हरंड पुंजाराम उन्हात आरामखुर्ची टाकून पाय शेकत बसले होते. माणूस वाईट नव्हता. वाईट व्हायला जी थोडी हिंमत लागते, तीही त्यांच्यात नव्हती.

"सलाम, पाळकसाहेब."

"सलाम, बायडाबाई. बसा. काय म्हणता?"

"तो जयराम मेलेल्यांना बुडवतोय, आणि माझी सून उपाशी मरतेय, हे म्हणते."

पाळकसाहेबांनी सुस्कारा टाकला. हे शिक्षण चुकीचं आहे, अगदी चुकीचं आहे, असं ते दोनदा म्हणाले. पहिल्या शतकातले पाखंडी असंच म्हणायचे, असंही म्हणाले. मंडळीच्या पंच कमिटीपुढं विषय घेणार होते. बिशपसाहेबांना कळवणार होते. पुढच्या महिन्यात.

"पुढच्या महिन्यात?" बायडाबाई म्हणाली. "रविवारी ती गारठलेल्या पाण्यात उतरणार आहे, साहेब. तुम्ही आत्ता माझ्याबरोबर घरी चला. तिच्यासमोर उभं राहून एवढंच सांगा, की तुझं लेकरू देवापाशी आहे. तुमच्या झग्याला काही तरी किंमत असेल तिच्या लेखी."

पाळकसाहेब चुळबुळले. "असं ठामपणे कसं सांगता येईल? बाप्तिस्मा न झालेल्या बालकांविषयी शास्त्र मौन आहे."

"शास्त्र मौन असेल. तुम्हाला तोंड आहे ना?"

"बायडाबाई, नियम..."

"नियमच पुरला तुम्ही त्या कोपऱ्यात," ती उठत म्हणाली. "लेकरू नाही. लेकराला तर तुम्ही बघितलंसुद्धा नाही."

वाटेनं येताना तिच्या मनात आलं, की जयराम खोटं बोलतो आणि हे खरं बोलत नाहीत. दोघांच्यात फरक काय तो कोटाचा आणि झग्याचा. कुंपणच शेत खातं म्हणतात, पण इथलं कुंपण खातही नव्हतं, नुसतं आडवं पडलं होतं आणि डुकरं आत शिरली होती.

सावळीरामकडून काही अपेक्षा नव्हती. तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगायचा, पण बायकोच्या गप्प बसण्यातलं त्याला काही कळत नव्हतं. "आई, तिचं समाधान होत असेल तर होऊ दे," तो म्हणाला.

"समाधान? आणि पोटातल्याचं काय?"

तो खाली मान घालून बूट पुसत राहिला.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. बायडाबाईनं शिरा केला, लापशी केली, शिव्या दिल्या, रडून दाखवलं. लता पाण्याच्या घोटाशिवाय कशाला शिवली नाही. ओठ सुकले, डोळ्यांखाली काळं आलं. चूल पेटवायला वाकली की भिंतीला हात लावून उभी राहायची. बायडाबाई तिच्याकडं बघायची, आणि तिची काळजी बाहेर पडायची ती शिव्या होऊनच. तिला दुसरी भाषा येत नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारपासून लता खोलीचं दार लोटून पडून राहिली. बायडाबाईनं दाराबाहेर गुडघे टेकले आणि प्रार्थना केली. देवा, त्या जयरामची जीभ झडू दे. प्रार्थना बायबलबाईला शोभणारी नव्हती, पण मनापासूनची होती.

रविवारी सकाळी मंडळी गंगेवर निघाली. आनंदवलीच्या वरच्या अंगाला नदी जरा संथ आहे, तिथं पात्रात उतरायला जागा आहे. पाण्यावर धुकं होतं. पलीकडच्या काठाला एक गडी म्हशी धूत होता. इकडं पन्नासेक माणसं, पांढऱ्या कपड्यांत, कुडकुडत. ब्रदर जयराम कमरेएवढ्या पाण्यात उभा, आत स्वेटर आणि वरून पांढरा झगा. कॅमेऱ्यावाला दगडावर चढला होता.

पहिला मान धोंडीरामचा. तो सात पिढ्या घेऊन आला होता. एकेकाचं नाव पुकारायचं आणि बुडी मारायची. चौथ्या बुडीला त्याचे दात वाजायला लागले. पाचवं नाव आलं ते पणजोबा बहिरूचं. या बहिरूनं आपला पोरगा ख्रिस्ती झाला म्हणून त्याला काठीनं झोडपत वेशीबाहेर काढलं होतं, आणि मरेपर्यंत त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या बहिरूला त्याच्या पणतूनं आज, न विचारता, गंगेत ख्रिस्ती करून टाकलं. म्हातारा वर कुठं असेल तिथं काठी शोधत असेल, असं बायडाबाईच्या मनात आलं.

पलीकडच्या म्हशीवाल्यानं तेवढ्यात हाक मारून विचारलं, "ओ, दहावा कोनाचा हाय?"

उत्तर बायडाबाईनं दिलं. "आमच्या अकलेचा!" ती ओरडली. दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावला. जयरामनं कपाळाला आठी घातली आणि मोठ्यानं हालेलुया म्हटलं.

मग लताचं नाव पुकारलं गेलं. बायडाबाई तिचा दंड धरायला पुढं झाली. लतानं हळूच तिचा हात काढला आणि ती पाण्यात उतरली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. तिथं ती थांबली. जयराम हात पसरून म्हणाला, "पुढं या, भगिनी. या सकाळी तुमची कन्या तुमची वाट पाहत आहे."

"आधी नाव सांगा," लता म्हणाली.

"होय! तीन दिवस मी परमेश्वरासमोर होतो. आणि काल रात्री तो माझ्याशी बोलला." त्यानं डोळे मिटले, चेहरा आभाळाकडं केला. कॅमेऱ्यावाला सरसावला. "त्यानं मला तुमच्या कन्येचं नाव दिलं. तिचं नाव एंजेला!"

काठावर कुणीतरी "प्रभूची स्तुती" म्हणालं. लता जागची हलली नाही.

"हे तिचं नाव नाही," ती म्हणाली.

जयराम हसला. "भगिनी, तिचं नाव नव्हतं. तुम्हीच मला सांगितलं."

"ठेवलं नव्हतं म्हणाले. नव्हतं असं म्हणाले नाही. नऊ दिवस मी तिला हाक मारत होते. पाजताना, अंगावर घेऊन निजताना. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून कानापाशी. पिता पिता ती थांबायची, ऐकायची. ते नाव मला ठाऊक आहे आणि तिला ठाऊक होतं. आणि देवाला ठाऊक असणार, तो तर सगळं ऐकतो म्हणतात. तो तुमच्याशी बोलला असता तर त्यानं तेच नाव सांगितलं असतं. तो बोललाच नाही तुमच्याशी."

म्हशीवाल्याच्या बादलीचा आवाज तेवढा येत होता. जयरामचे डोळे कॅमेऱ्यावाल्याकडं गेले, काठावरच्या लोकांकडं गेले, पुन्हा लताकडं आले. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडचं भाषांतर गळून पडलं आणि घरातली अहिराणी बाहेर आली.

"हाई नाव बी चाली जाई ना बाई!" तो दबक्या आवाजात घाईघाईनं म्हणाला. "त्यामा काय एवढं शे! मारी टाक ना बुडी!"

दबका असला तरी तो आवाज पाण्यावरून सगळ्यांना ऐकू गेला. पहिल्यांदा म्हशीवाला हसला. मग काठावरचं एक पोर. मग धोंडीराम, ओल्या कपड्यांत थरथरत, दात वाजवत म्हणाला, "म्हंजे माझा बहिरू काय झाला मंग? गेला का नाय गेला?" दोन बायका गुपचूप आपापल्या पिशव्या उचलून निघाल्या. जयरामनं मोठ्यानं गाणं सुरू केलं, पण त्याच्यामागून कुणी गायलं नाही.

लता पाण्यातून बाहेर आली. लुगड्याचा काठ पिळला, चपला घातल्या आणि चालायला लागली. बायडाबाई मागोमाग. तिच्या जिभेवर जयरामसाठी साठवून ठेवलेले पन्नास टोमणे होते. त्यातला एकही खर्चावा लागला नाही, याची तिला जराशी हळहळ वाटली. त्याहून जास्त तिला आपल्या सुनेचं नवल वाटत होतं. जिला खुळी म्हटलं, तिनं त्या माणसाला चार वाक्यांत उघडा पाडला होता.

रस्त्याला लागल्यावर एका टपरीपाशी बायडाबाईनं तिला बाकावर बसवलं, चहा आणि पाव मागवला. लतानं पाव चहात बुडवून भराभर खाल्ला. दुसरा मागितला.

"अगं, तीन दिवसांची उपाशी, जपून खा."

"अडीच," लता म्हणाली. "काल दुपारी पोटातलं हलायचं थांबलं. मी घाबरले. दार लोटून घेतलं आणि तांब्याभर दूध प्यायले. घटकाभरानं हललं. तेव्हाच मला कळलं, उपाशी ठेवणारं हे बोलणं देवाचं नव्हे."

"मग आज कशाला आलीस त्या पाण्यात?"

"नाव ऐकायला." लतानं हातातला ग्लास बाकावर ठेवला. "मनात एवढीशी आशा होती, आत्याबाई. म्हटलं, चुकून देव खरंच बोलला असला तर? त्यानं बरोबर नाव सांगितलं असतं, तर ती कुठंतरी आहे हे मला कळलं असतं. मग मी डोक्यापर्यंत बुडाले असते."

बायडाबाईला वाटलं, परत नदीवर जाऊन त्या जयरामला चपलेनं हाणावं. ते सोपं होतं, म्हणून वाटलं असावं.

"लबाड तो लबाडच," ती म्हणाली. "त्याच्याकडं गेलीसच कशी तू, हेच मला समजत नाही."

लतानं तिच्याकडं सरळ बघितलं. दोन वर्षांत तिनं सासूकडं असं बघितलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी भेटायला गेले ना, तर त्यानं बसा म्हटलं, आणि पहिलंच विचारलं, ‘लेकराचं नाव काय होतं?’" ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, आत्याबाई. पाळकांनी विचारलं नाही. ह्यांनी विचारलं नाही. तुम्ही विचारलं नाही. तुम्ही रिबका ठरवून मोकळ्या झाला होता. त्या लबाडानं विचारलं."

टपरीवाल्यानं रिकामे ग्लास उचलले. रस्त्यानं ओल्या कपड्यातली मंडळी खाली माना घालून परतत होती. त्यांच्याकडं बघून बायडाबाईला एरवी काहीतरी झोंबणारं सुचलं असतं. आज सुचलं नाही. ती सुनेच्या बाजूला बाकावर सरकली.

"लता," तिनं विचारलं, "काय म्हणायचीस गं तिला?"

लतानं बाकावर सांडलेला पावाचा चुरा बोटानं गोळा केला. बायडाबाईला वाटलं, आता ही सांगणार नाही, आणि नाही सांगितलं तरी आपल्याला तक्रार करायला तोंड नाही.

मग लतानं तिच्या कानापाशी तोंड नेलं.